पट्टीवाल्यांचा खिसा

मक्याच्या गोदामात त्यांना सगळे पट्टीवाले म्हणत. ट्रक आला की मूठभर दाणे दळायचे, पीठ पाण्यात कालवायचं आणि त्यात कागदाची पट्टी बुडवायची. एक रेघ उमटली तर मका साधा. तो माणसांच्या खाण्याला. दोन उमटल्या तर जनुक बदललेला, म्हणजे जीएम. तो कोंबड्यांच्या खाद्याला. बावीस वर्षं हेच करून संशय त्यांच्या अंगात मुरला होता.

घरीही सुटका नव्हती. कॉर्नफ्लोअर, सोयाबीनचं पीठ, जे येईल त्याला पट्टी लागायची. तेलात काहीच सापडत नाही, म्हणून तेलावर सगळ्यात जास्त राग. "गप्प बसतंय ना, तेच खरं चोर!" असं म्हणायचे. बायको म्हणायची, "अहो, एकदा मलाही पट्टी लावा, म्हणजे सुखानं जेवाल."

जावयाची बेकरी होती. मक्याचा पाव त्याच्याइतका कुणाला जमत नसे. दारावर पाटी होती: 'आमच्याकडे जीएम मका नाही.' ती पट्टीवाल्यांच्या डोळ्यांत खुपायची. एवढं छातीठोक कोण बोलतं? एक दिवस कामावरून येताना ते बेकरीत डोकावले, जावयाची पाठ फिरताच पोत्यातलं चिमूटभर पीठ सदऱ्याच्या खिशात टाकलं, आणि घरी येऊन पट्टी बुडवली. दोन रेघा!

खरं सांगायचं तर त्यांना आनंदच झाला. तसेच उलट पावली गेले आणि गिऱ्हाइकांसमोर पट्टी नाचवत म्हणाले, "जावईबापू, लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकता?"

जावयाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने पाटी उतरवली आणि होती नव्हती तेवढी पोती कोंबड्यांच्या खाद्यासाठी देऊन टाकली. लेकीने बापाशी बोलणंच टाकलं.

चार दिवसांनी बायको कपडे धुवायला बसली. "ते पीठ आणलंत कशातून?"

"खिशातून."

तिने सदऱ्याचा खिसा उलटा केला. पिवळी भुकटी भुरभुरली. "बावीस वर्षं झटकतेय मी हे. अख्खं गोदाम घेऊन येता घरी!"

पट्टीवाल्यांनी त्या भुकटीला पट्टी लावली. दोन रेघा.

ते धावतच बेकरीत गेले, सगळ्यांसमोर चूक कबूल केली. जावई कणीक मळतच राहिला. लेकीने मात्र नवं पोतं उघडलं आणि स्वच्छ पेल्यात पाणी आणून ठेवलं. "तपासा. पण आधी सदरा काढा."

त्यांनी सदरा काढला, कोपरापर्यंत हात धुतले, नुसत्या बनियनवर उभं राहून पीठ पाण्यात कालवलं आणि पट्टी बुडवली. गिऱ्हाइकं मान उंचावून बघत होती. एकच रेघ उमटली.

"बघा, साधा आहे!" ते जवळजवळ ओरडलेच.

"हा आजचा, बाबा," लेक म्हणाली. "त्या दिवशीचा कसा होता, ते आता कुणाला विचारायचं?"

पट्टीवाले ओली पट्टी हातात धरून उभे राहिले. ती पोती कोंबड्यांनी केव्हाच संपवली होती.