खुर्ची उलटी करणारे साडू

डोंबिवलीत खुर्चीवर बसण्याआधी खुर्चीखाली शिरणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. यजमानांनी "बसा" म्हणायचं आणि साडूंनी खुर्ची उलटी करायची, हा शिरस्ता. धाकट्या मेहुणीसाठी स्थळ पाहायला आम्ही कल्याणला गेलो होतो. पोह्यांच्या बशा बाहेर येईपर्यंत हे गृहस्थ गुडघ्यांवर, चष्मा कपाळावर आणि डोकं मुलाच्या वडिलांच्या आरामखुर्चीखाली! "लाकूड सागवान आहे, पण सांधा लबाड आहे," असा निकाल तिथूनच बाहेर आला. बिचारे वडील, काही पडलंय की काय म्हणून स्वतःही वाकून बघायला लागले. तरीही लग्न जमलं, हे त्या घराचे उपकार.

या वेडाचं मूळ ठाण्याच्या खाडीकाठी, कोलशेतला. तिथल्या एका कारखान्यात साडू ड्राफ्ट्समन होते. ऐंशी सालानंतर कधीतरी यंत्रं बसवायला डेन्मार्कचा एक साहेब आला, तो घरच्या सहा सागवानी खुर्च्या घेऊनच. खुर्ची कुणी घडवली हे पाठीवरून नाही, पोटावरून कळतं, असं तो एकदा बोलून गेला. झालं! साडूंना गुरुमंत्र मिळाला. दोन वर्षांनी साहेब परत निघाला तेव्हा पाच खुर्च्या त्याने बांधून घेतल्या आणि सहावी साडूंना दिली. "ही वेगळी आहे, तुम्ही ठेवा," म्हणाला. वेगळी म्हणजे सर्वांत मोलाची, यात साडूंना तिळमात्र शंका नव्हती.

तिच्या पोटावर मात्र कुठलीच खूण नव्हती. मग सुरू झाला शोध. रद्दीवाल्याकडून परदेशी मासिकं आली, भिंग आलं, डेन्मार्कच्या एका संग्रहालयाला फोटो गेले. आठ महिन्यांनी उत्तर आलं, की असा सांधा आमच्या कुठल्याच कारागिराचा नाही. दुसरा कुणी खचला असता. साडूंनी पेढे वाटले! "अहो, म्हणजे अज्ञात उस्ताद! जगात फक्त आपल्याला सापडलाय!" तेव्हापासून त्या खुर्चीवर बसायची बंदी. पाहुणे सतरंजीवर आणि खुर्चीवर फक्त ऊन, असा ताईंच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीच्या, संसाराचा थाट. मी एकदा चुकून टेकलो, तर साडू स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो, उठा! बाकडं आहे का ते?" मी भरपूर थट्टा करायचो. पण कधीतरी ते हळूच म्हणायचे, "डोळे मिटायच्या आत त्याचं नाव तेवढं कळायला हवं हो." तेव्हा मला थट्टा सुचायची नाही.

अशी दहा-बारा वर्षं गेली. एका रविवारी त्यांच्या मोरीचं दार तासायला एक म्हातारा सुतार आला होता, कोलशेतचा कोळी, पूर्वी होड्या बांधायचा; आता लेकीकडे डोंबिवलीत राहायचा. साडूंनी खुर्ची उलटी करून मला त्या सांध्याची थोरवी पन्नासाव्यांदा ऐकवायला घेतली. म्हाताऱ्याने रंधा खाली ठेवला, जवळ आला, सांध्यावरून अंगठा फिरवला.

"ही तं मीच केली," तो म्हणाला. "सायबाची एक मोरली व्हती. तशीच दुसरी करून दिली. सांदा आमचे होरीचा हाय. पान्यात हलत नाय, तं घरान काय हलंल?"

मला हसू फुटणार होतं, पण साडूंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते गिळलं. माणूस पार पांढरा पडला होता. साडूंनी खुर्ची सावकाश सरळ केली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि म्हाताऱ्याचा दंड धरून म्हणाले, "बसा."

तो अंग चोरून बसला. साडू त्याच्या पायाशी फरशीवर बसले आणि त्यांनी चाचरत विचारलं, "तुमचं नाव काय हो?"

म्हाताऱ्याला लिहिता येत नव्हतं. होडीवर कोरायचा तसा एक मासा त्याने खुर्चीच्या पोटावर कोरून दिला. शेजारी साडूंनी ड्राफ्ट्समनच्या सुबक अक्षरात लिहिलं: हिरू, कोलशेत. पुढे खुर्ची सगळ्यांना खुली झाली, मी सोडून. "तुम्ही नको, तुम्ही धपकन बसता," असं साडूंचं म्हणणं.

साडू गेल्यावर ताईंनी ती माझ्याकडे पाठवली. मी रोज संध्याकाळी तिच्यावर बसतो, मुद्दाम धपकन. आणि क्षणभर कान देऊन थांबतो. कुणीही ओरडत नाही.