त्याच्या गाडीत टाके दुखत नाहीत

बायकोचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं आणि टाके दाखवायला तिला ब्रह्मपुरीला न्यायचं होतं. घरासमोर माझी जीप उभी होती. आमच्या गावाहून ब्रह्मपुरीला सवाऱ्या नेण्याचं काम मी लग्नाच्या आधीपासून करत आलो आहे. मी पुढची सीट पुसली, पाठीशी उशी ठेवली. ती अंगणात येऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "तुमच्या गाडीनं नाई येत मी. लई आदळते. भाऊजीच्या गाडीनं जाईन."

भाऊजी म्हणजे माझा चुलतभाऊ. माझ्याहून लहान. स्टिअरिंग धरायला त्याला मीच शिकवलं. त्याची जीप माझ्या जीपच्याच कंपनीची, तिच्याहून थोडीच नवी. तो आला, तिला हात देऊन बसवलं आणि गेला. मी ठेवलेली उशीसुद्धा ती घेऊन गेली.

तसा त्याचा हेवा मला आधीपासून वाटायचा. स्टँडवर त्याची गाडी आधी भरायची. म्हाताऱ्या बाया माझ्या रिकाम्या सीटा सोडून त्याची वाट पाहत बसायच्या. मी म्हणायचो, गोड बोलतो, गाणी लावतो, म्हणून जातात लोक. पण बायको काही गाण्यांसाठी गेली नव्हती. त्या दिवशी मी एकही फेरी मारली नाही. ती परत आली तेव्हा विचारलं, त्रास झाला का? नाही म्हणाली, येताना झोप लागली होती. हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर तो माझ्याजवळ आला. म्हणाला, "भाऊ, परवा मी तुमच्या मांगं होतो. खड्ड्यातून निघाल्यावरबी तुमची गाडी नाचतच राह्यते. शॉकअप गेले वाटते."

चार सवाऱ्या ऐकत होत्या. मी म्हटलं, रस्ताच खराब आहे, गाडीला काय धाड भरली. तो आपल्या गाडीकडे गेला.

घरी आल्यावर मात्र मी एकट्यानं बोनेटवर सगळा भार टाकला आणि एकदम सोडलं. धक्के झेलणारे हे शॉकअप चांगले असले की गाडी एकदा वर येते आणि थांबते. माझी पाळण्यासारखी हलत राहिली. खाली वाकून पाहिलं तर पुढचे दोन्ही शॉकअप तेलानं ओले, त्यावर धुळीचा थर. पुढच्या टायरांवरून हात फिरवला, रबर सगळीकडे सारखं झिजलेलं नव्हतं, मध्येमध्ये खाल्ल्यासारखे खोलगट भाग लागले. ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालायची, वळणावर कलायची, तेही मला ठाऊक होतं. मी त्याला जुन्या गाडीची सवय समजत होतो. रोज थोडंथोडं बिघडलं, आणि माझं अंग त्याला सरावत गेलं.

नवे शॉकअप आणले. एका बाजूचा बदलून भागत नाही, जोडीच बदलावी लागते, नाहीतर एक बाजू घट्ट आणि एक सैल राहते. खालचा बोल्ट गंजून बसला होता. डिझेल सोडलं, ठोकलं, हलेना. वरून कोणीतरी पाना धरणं भाग होतं. बायकोनं मला न विचारता त्यालाच बोलावलं.

तो आला आणि थेट गाडीखाली शिरला. मी वर पाना धरून. बोल्ट त्याच्या हातानं सुटला याचाही मला राग आला. काढलेल्या शॉकअपचा दांडा मी दाबला तर सायकलच्या रिकाम्या पंपासारखा आत गेला आणि तिथंच राहिला. नवा दाबायला छातीचा जोर लागला. नवीन रबरी बुश घालून दोन्ही बाजू कसल्या. त्यानं बोनेट दाबून पाहिलं. गाडी एकदा उठली आणि थांबली.

"झालं भाऊ," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. बायकोनं त्याला चहा आधी दिला.

पुढच्या तपासणीला ती माझ्या गाडीत बसली. मी नेहमीपेक्षा हळू चालवत होतो आणि रस्त्याहून तिच्या हाताकडेच जास्त पाहत होतो. नाल्याजवळच्या खराब पट्ट्यावरसुद्धा तिनं समोरची दांडी धरली नाही. ब्रह्मपुरी जवळ आली तशी ती म्हणाली, "आता चांगली झाली. भाऊजीच्या गाडीसारखी लागते."

दवाखान्यासमोर गाडी लावली, तिला हात देऊन उतरवलं. डॉक्टरीण बाईंनी टाके सुकले म्हणून सांगितलं. परतीच्या वाटेवर ती झोपेल म्हणून मी वाट पाहत होतो. ती गावापर्यंत जागीच होती, शेतं पाहत, माझ्याशी बोलत.