झेरॉक्सआत्याचे एकाहत्तर टक्के

आमच्या आत्याला पेपरफुटीत पकडलं, पोलीस येऊन तिचं झेरॉक्सचं मशीन उचलून घेऊन गेले आणि ती आता आतल्या खोलीत तोंड लपवून बसली आहे, असं सगळी गल्ली म्हणत होती. गल्ली म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला. पण त्याचा आवाज एवढा दणदणीत की गल्लीला वेगळं काही म्हणावं लागत नाही.

यातलं खरं एवढंच की मशीन गेलं होतं. ते गेलं होतं ड्रम बदलायला, टेम्पोतून, आणि टेम्पोवाल्यांचे शर्ट खाकी होते. आत्या आतल्या खोलीत होती हेही खरं. पण ती तोंड लपवून नव्हे, तोंडाचा आ करून बसली होती. समोर लॅपटॉप होता आणि तिला त्यातलं काही म्हणता काही कळत नव्हतं.

आत्याचं दुकान जिन्याखाली. पुढे काउंटर, मागे मशीन, बाजूला स्पायरलचं यंत्र आणि कागदाच्या रिमांवर रिमा. मशीनमध्ये कागद अडकला की ती झाकण उघडून कोपरापर्यंत हात घालते आणि चुरगळलेला कागद न फाडता बाहेर काढते. तेव्हा तिचा चेहरा अडलेल्या गाईच्या पोटात हात घातलेल्या डॉक्टरसारखा होतो. तिचा धंद्याचा एकच नियम: गिऱ्हाईकाच्या कागदात टिंबसुद्धा बदलायचं नाही. "मूळ कागदावर चहाचा डाग असेल तर कॉपीवरही डाग आला पाहिजे. आपण कोण लागून गेलो पुसणारे?"

पण आताशा लोक मोबाइलवर फोटो काढून मोकळे होतात. दुकानात माशा यायला लागल्या तेव्हा माझे बाबा, म्हणजे तिचे दादा, म्हणाले, "एवढं मशीन कळतं तुला, मग रीतसर शीक की!" म्हणून पन्नाशीला टेकलेल्या आत्यानं ऑनलाइन तंत्रज्ञान पदवीला नाव घातलं. तिला वाटलं, सर्किट विचारतील, मोटर विचारतील. पण पदवीच्या दाराला आधी कुलूप होतं आणि त्या कुलपाचं नाव 'शैक्षणिक लेखन: पूर्वतयारी'. एक निबंध लिहायचा. दोन संधी. पास झालात तर पुढचे विषय उघडणार, नाहीतर नमस्कार. विषय: ऑनलाइन माहितीवर विश्वास कसा ठेवावा?

"ठेवू नये," आत्या म्हणाली. "संपला निबंध. पुढचा प्रश्न?"

सूचनांत लिहिलं होतं, 'संदर्भ घ्या.' आत्यानं घेतले. पाच ठिकाणचे उत्तमातले उत्तम परिच्छेद निवडले, टिंब न बदलता एकाखाली एक लावले, समास सरळ केले, घरासाठी एक प्रत स्पायरल करून ठेवली आणि निबंध पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर लाल अक्षरात उत्तर आलं: एकाहत्तर टक्के.

शाळेत आत्या पन्नास टक्क्यांच्या पुढे कधी गेलेली नव्हती. तिनं लगोलग शेजारच्या शिंपीकाकांना हाक मारली. दोन दुकानांच्या मध्ये एक पत्रा आहे, फोन लागत नाही.

"एकाहत्तर? म्हणजे फर्स्ट क्लास!" पत्र्यातून आवाज आला.

आत्यानं गल्लीभर क्रीमची बिस्किटं वाटली. औषधवाल्यानं दोन घेतली.

मग मार्गदर्शक मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. या मॅडमचं नुसतं कपाळ दिसतं आणि वर पंखा. आवाज असा, की तापल्या पोराला औषध पाजतायत.

"ताई, एकाहत्तर टक्के जुळणी आहे बरं का."

"हो ना मॅडम! थँक्यू हं."

"नाही, म्हणजे... जुळणी आहे."

"जुळणारच. समाससुद्धा जुळवलेत मी."

कपाळाला आठी पडली. पंखा फिरत होता. मग मॅडमनी समजावलं की एकाहत्तर टक्के मजकूर दुसऱ्यांचा निघाला आहे, याला वाङ्मयचौर्य म्हणतात, आणि आता एकच संधी उरली आहे. "आपण सगळे इथे शिकायलाच आलोय, नाही का? तुमचं म्हणणं तुमच्या शब्दांत मांडा. पण 'मी' लिहू नका. प्रत्येक म्हणण्याला आधार द्या. आधार दुसऱ्याचा हवा, शब्द मात्र दुसऱ्याचे नकोत. सोप्पंय!"

"माझं म्हणणं, पण मी नको," आत्या म्हणाली. "दुसऱ्याचं हवं, पण दुसऱ्याचं नको. बरं."

कॉल संपल्यावर तिनं बाबांना फोन लावला. "दादा, परीक्षेत चोरी पकडली रे माझी. कॉपी केली म्हणे. आता काय सांगू तुला, जन्मभर कॉप्याच काढल्या मी!" पत्र्यापलीकडे शिंपीकाकांचं मशीन थांबलं. आणि दुसऱ्या सकाळी नेमका तो ड्रमवाला टेम्पो आला.

त्यानंतरचे दिवस घरात कठीण गेले. आत्याला संदर्भ चढला होता. आई म्हणाली, "भाजीत मीठ कमी झालंय," तर आत्या म्हणे, "कशावरून? कोणी म्हटलंय असं?" बाबा म्हणाले, उद्या ऊन पडेल. "हे तुझं मत झालं, दादा. आधार?" लिहायला बसली की एक वाक्य लिहायची, ते आपलं की परक्याचं अशी शंका यायची, खोडायची. 'पाणी ओलं असतं' एवढं लिहून ती अर्धा तास बसली होती. हे आधी कोणीतरी म्हटलं असणारच!

मी स्वयंपाकघरात तिची नक्कल करत होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मान तिरकी: "पाणी... ओलं... अगं बाई, हे कुणाचं उचललं मी?" आई हसता हसता एकदम थांबली. मागे आत्या उभी.

"पैज लाव," ती म्हणाली. "पास झाले तर महिनाभर माझी नक्कल बंद."

"आणि नाही झालीस तर?"

"तर तुझ्या ताईच्या लग्नात कर सगळ्यांसमोर. मी पुढच्या खुर्चीत बसते."

मी टाळी दिली. मनात लग्नातला प्रयोग बसवूनही टाकला.

तोवर पेपरफुटीची बातमी फिरून आत्याच्या कानावर आली. दुकानात स्पायरलसाठीसुद्धा कोणी फिरकेना. मग ती पायात चपला सरकवून निघाली आणि थेट औषधवाल्यापुढे उभी राहिली.

"मी नाही हो म्हणत, लोक म्हणतात."

"लोकांना नाव असेल ना?"

"चहावाला म्हणाला."

चहावाला म्हणाला, "मी पोलीस म्हटलंच नाही! खाकी शर्ट म्हटलं. पोलीस औषधवाल्याचे."

"आणि पेपर विकला, ते?"

"ते... ओघात आलं असेल. मला शिंपीकाकांनी सांगितलं."

शिंपीकाकांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "ताई, गळ्याची शपथ. मी फक्त तुमचं वाक्य सांगितलं. 'परीक्षेत चोरी पकडली माझी.' टाक्याला टाका तुमचाच."

आत्या तिथल्या स्टुलावर मटकन बसली. चोर शोधायला निघाली आणि फिरून स्वतःच्याच दारात आली. त्यातून डोक्यात नवाच गुंता. औषधवाल्यानं शब्द बदलले, ते खोटं निघालं. शिंपीकाकांनी जसंच्या तसं सांगितलं, तेही खोटंच निघालं. मग मॅडमना हवंय तरी काय?

"काका, मशीन बंद करा," ती म्हणाली. "नीट ऐका." तिनं बिस्किटांपासून टेम्पोपर्यंत सगळं सांगितलं. "आता मला सांगा, मी काय म्हणाले?"

"तुम्ही म्हणाला... म्हणजे असं बघा, कापड पाच दुकानांतनं आणलंत, शिवलंत छान, पण कापड कुणाचं ते सांगायचं राहिलं. आणि मशीन आजारी आहे."

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. त्यात तिचा एक शब्द नव्हता, आणि म्हणणं सगळं तिचंच होतं.

"आता हेच औषधवाल्याला सांगा. आणि कोण म्हणालं तेही सांगा."

"झेरॉक्सताई म्हणाल्या, असं?"

"असंच."

त्या संध्याकाळी तिनं निबंध नव्यानं लिहायला घेतला. सुरुवात गल्लीतल्या अफवेनं केली, तिथे आधार म्हणून 'शिंपीकाका' असं लिहिलं, मग ती पाचही लेखांकडे गेली. प्रत्येक लेख वाचायची, बंद करायची, पत्र्यातून शिंपीकाकांना सांगायची आणि त्यांना कळलं की मगच लिहायची. काकांना काही लेख तीनतीनदा ऐकावे लागले. एका पँटची एक बाजू त्या नादात आखूड झाली. "आता हे 'मी' कुठं लपवू?" असं मात्र ती शेवटपर्यंत विचारत राहिली. ते तिला आजही कळलेलं नाही.

उत्तर आलं: जुळणी नऊ टक्के, उत्तीर्ण.

आत्याचा चेहरा उतरला. तिनं मॅडमना फोन लावला. "मॅडम, नऊ टक्के काय चोरलं मी?"

"अहो, ती शेवटची संदर्भांची यादी. ती सगळ्यांचीच जुळते."

"चोरी केली नाही हे दाखवायला ज्यांची नावं दिली, तीच चोरीत धरली?"

"तसं नाही ताई, तेवढं चालतं."

"म्हणजे किती चोरी चालते?"

मॅडमनी घाईनं निबंध पुन्हा उघडला. मग म्हणाल्या, छान लिहिलंय, फक्त त्या शिंप्यांचं पूर्ण नाव द्या. आत्या पत्र्यापाशी गेली आणि तिथेच घुटमळली. एवढ्या वर्षांच्या शेजारात तिनं त्यांचं आडनाव कधी विचारलंच नव्हतं.

नव्या ड्रमसकट मशीन परत आलं. पुढचे विषय उघडले. त्यातही पहिल्याच पानावर 'चिंतनपर लेखन' असं काहीतरी आहे आणि त्यात म्हणे 'मी' लिहायलाच हवं. आत्या पुन्हा आ करून बसली आहे.

ताईचं लग्न नेमकं पैजेच्या महिन्यात पडलं. जेवणं झाल्यावर सगळे माझ्या मागे लागले, "आत्याची नक्कल, आत्याची नक्कल!" मी मान खाली घालून ओठ आवळून बसले. आत्या पुढच्या खुर्चीत होती. ती उठली, पदर खोचला, कंबरेवर हात ठेवला आणि माझ्या आवाजात म्हणाली, "ए आई, थांब ना, मी आत्त्ता करते!" मग तिनं माझी नक्कल केली. भुवई उडवणं, वाक्याच्या शेवटी नाक वर करणं, सगळं. टिंबही न बदलता. सगळा मांडव हसत होता.

मी पैज हरले होते, म्हणून गप्प होते. पण जुळणी एकाहत्तर टक्के तर नक्कीच होती.