तयार चौकटीतलं ‘कै.’

आमच्या शाळेत नववीला ‘मीडिया’ हा विषय होता. तो घेतला की उन्हाळ्याच्या सुट्टीत काही दिवस खऱ्याखुऱ्या ठिकाणी जाऊन काम बघावं लागायचं. मैत्रिणींना रेडिओ मिळाला, यूट्यूब चॅनल मिळालं. माझ्या वाट्याला आलं शहरातलं एक जुनं दैनिक, आणि तिथंही जाहिरात विभाग. मला वाटलं होतं, हातात माइक देतील. दिला स्टेपलर.

पहिल्या दिवशी निघताना बाबा गाडी पुसता पुसता म्हणाले, “तिथं काम शिकायला चाललीस. कुणी इचारलं तर नाव, आडनाव सांगायचं. पुढचं आपण होऊन सांगायची काय गरज नाय.”

आमचं आडनाव असं आहे की ऐकणारा त्याला हवं ते समजून घेतो. मराठ्यांत ते आहे, आमच्यातही आहे. आम्ही बौद्ध. आजोबांनी सिल्लोडकडच्या आमच्या गावी धम्मदीक्षा कशी घेतली, हे घरात दर सणाला छाती फुगवून सांगितलं जायचं. आणि उंबऱ्याबाहेर पाय टाकला की ‘काय गरज नाय’. मला ते तेव्हाही खटकायचं, पण बाबांशी वाद घालून पहिलाच दिवस खराब करायची इच्छा नव्हती.

विभागात माणसं मोजकी. टेबलाच्या टोकाला प्रमुख, त्यांना सगळे सर म्हणायचे. कॉम्प्युटरवर जाहिरात लावणारा ऑपरेटर. आणि छापायच्या आधी प्रत्येक जाहिरात वाचून तपासणाऱ्या मॅडम. मॅडमनी मला आडनाव विचारलं, गाव विचारलं आणि चेहरा उजळून म्हणाल्या, “अगं, मग तू आपल्यातलीच की!” लगेच शेजारी खुर्ची ओढली. मी हसले. त्या हसण्याचा मला घरी गेल्यावर फार राग आला. पण मॅडम खरंच मायाळू होत्या, आणि पंखाही त्यांच्याच टेबलावर होता.

मॅडम गप्पिष्ट. त्यांचा पुढचा प्रश्न कोणता येईल, याची मी सारखी धास्ती घेऊन असायचे. “तुमचं कुलदैवत कोणतं गं?” असं त्यांनी विचारलं, की मी पाण्याची बाटली भरायला उठायचे. त्या आठवड्यात मी इतकं पाणी प्यायले की विचारू नका. एकदा जुने अंक चाळताना त्या म्हणाल्या, “ह्यांच्या जाहिराती एप्रिलमध्ये बघायच्या, नुसता पाऊस!” ‘ह्यांच्या’ म्हणजे आमच्या, आंबेडकर जयंतीच्या. आवाजात वाईट काही नव्हतं. तरी माझे कान तापले.

मग एका दुपारी काउंटरवर एक बाई आल्या. छावणी भागातून उन्हात स्कूटीवर आल्या होत्या, स्कार्फ सोडता सोडताच बोलायला लागल्या. वडिलांच्या पहिल्या स्मृतिदिनाची जाहिरात द्यायची होती. सर बाहेर गेले होते, मॅडम जेवत होत्या, ऑपरेटर फोनवर होता. काउंटरला मीच.

“मागच्या वर्षी तुम्ही माझ्या वडिलांना कैलासाला पाठवलं,” त्या म्हणाल्या. “आयुष्यभर ज्या माणसानं देव मानला नाही, त्याच्या नावामागं कै. लावलं, आणि खाली ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. सगळ्या नातेवाइकांनी फोन करून विचारलं मला, पोरी, हे काय छापलंस? मी लिहून दिलं होतं वेगळंच. ह्या वर्षी तरी नीट छापा.”

आमच्यात गेलेल्या माणसाला कालकथित म्हणतात. ईश्वराशी आणि आत्म्याशी आम्ही संबंधच ठेवलेला नाही, तेव्हा कैलासात जाऊन राहायचा प्रश्न येत नाही. त्यांनी आणलेल्या कागदावर ठळक अक्षरात ‘कालकथित’ लिहिलेलं होतं, त्याखाली दोन रेघा.

“तू बघशील ना?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बघते. म्हणताना वाटलं, ह्यात काय एवढं?

त्यात एवढं होतं, ते संध्याकाळी कळलं. श्रद्धांजलीच्या जाहिरातीसाठी ऑपरेटरकडे एक तयार चौकट होती. दोन बाजूंना समया, वर झेंडूची माळ, मध्ये फोटोची जागा. ‘कै.’ आणि ती ईश्वराची ओळ चौकटीतच बसवलेली. ऑपरेटर फक्त नाव आणि मजकूर टाकायचा. प्रिंट बाहेर आली तर नाव असं: कै. कालकथित, आणि पुढं त्या गृहस्थांचं नाव. खाली ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. फोटोतले त्या बाईंचे वडील चष्म्याआडून सरळ माझ्याकडे बघत होते.

मॅडमनी ती वाचून सही केलेली होती. त्यांनी ऱ्हस्व-दीर्घ बघितलं होतं, आणि त्यात चूक नव्हतीच. सहा वाजता पान छापखान्याकडे जायचं होतं. प्रिंट सरांच्या टेबलावर नेऊन ठेवायची, एवढंच माझं काम.

मी टेबलाशी उभी राहिले. प्रिंट हातातच धरलेली.

“ठेव ना,” सर म्हणाले.

“सर, हे चुकलंय.”

“मॅडमनी बघितलंय.”

“हे लोक बौद्ध आहेत. ते कै. लावत नाहीत. ईश्वराची ओळ पण नको.”

सरांनी चष्मा वर केला. “अगं, कै. म्हणजे मानच झाला ना? कोण तक्रार करतंय?”

“त्या बाईच करून गेल्या. मागच्या वर्षीपण असंच छापलं होतं.”

“पान अडकवू का आता एवढ्यासाठी?” मग जरा थांबून, खरंच कुतूहलानं, “आणि तुला गं कसं माहीत, ते काय लावतात नि काय नाही?”

उत्तर तयार होतं. त्या बाईंनी सांगितलं, असं म्हणायचं. ते खोटंही नव्हतं. मॅडमनी मान वर केली होती, ऑपरेटरचा हात माऊसवर थांबला होता. मला बाबा आठवले, आणि का कोण जाणे, बाबांचाच राग आला.

“माझ्या आजोबांना आम्ही कालकथितच म्हणतो,” मी म्हणाले. आवाज नको तेवढा मोठा निघाला.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग समोरच्या कागदाकडे, आणि पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. सर ऑपरेटरला म्हणाले, “काढ रे ते दोन्ही. समया पण काढ.” मग माझ्याकडे वळून चांगल्या मनानं म्हणाले, “आधी नाही का सांगायचं? तुमच्याकडच्या जाहिराती तुझ्याकडेच दिल्या असत्या.”

मघापर्यंत मी आपल्यातली होते. आता तुमच्याकडची झाले. माझं डोकं सणकलं.

“मला सगळ्यांच्याच द्या, सर,” मी म्हटलं.

पान वेळेत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंक विकत आणून बाबांपुढे ठेवला. त्यांनी चहा बाजूला सरकवून जाहिरात दोनदा वाचली. “बरोबर छापलंय की. ह्यांना कुणी सांगितलं?”

“मी.”

“कसं सांगितलंस?”

मी सगळं सांगितलं, आजोबांच्या वाक्यासकट. आता ओरडतील म्हणून मी तयारीतच होते. मीही ऐकून घेणार नव्हते.

बाबा ओरडले नाहीत. वाळूजच्या एकाच कंपनीत त्यांचा जन्म गेला. तिथली माणसं आमच्याकडे कधी आली नाहीत, आमच्या घरच्या कार्याला त्यांना बोलावणं गेलं नाही. बाबांना माणसांची आवड नाही, असंच मी समजत आले होते.

“मला नाय जमलं गं,” ते म्हणाले. “कंपनीत अजून कुणालाच ठाऊक नाय.”

मग चहा तसाच ठेवून ते शिफ्टला निघून गेले.