पुंजाच्या नावाची प्रार्थना

समजा, हे काम तुमच्याकडे आलं आहे. दर रविवारी अकरा वाजता एका पत्र्याच्या शेडमध्ये तीस-पस्तीस माणसांसमोर उभं राहायचं आणि एका माणसाचं नाव घ्यायचं. मनात नाही, मोठ्याने. नाव आणि आडनाव. मग त्याच्यासाठी देवाकडे काहीतरी चांगलं मागायचं. 'सगळ्यांचं भलं कर' असं म्हणून सुटता येत नाही, नेमकं मागावं लागतं. वाक्यात 'पण' घालायचा नाही. आणि माणूस कोणता, तर ज्याची आठवण आली की तुमचे दात आवळले जातात तो. करून बघा. मी करून पाहिलं. माझी गाडी नावापाशीच अडली.

अक्काबाई भोये हे काम दीड वर्ष करत होती.

सुरगाण्याहून जीपने पाऊण तासावर, गुजरातच्या बाजूला तिचा पाडा आहे. पाड्याचं नाव लिहीत नाही, कारण तिला अजून तिथंच राहायचं आहे. वय पंचावन्नच्या आसपास. आधार कार्डावर एक आहे, ती सांगते ते दुसरंच. दीड एकर भात, वर उतारावर नागली म्हणजे नाचणी. दिवाळीनंतर पाड्यातल्या इतरांसारखीच ती दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जाते आणि होळीच्या आत परत येते. मुलगा ललित नाशिकला एका कारखान्यात वेल्डर आहे.

नवरा सावळीराम. दारू सुटावी म्हणून तो पहिल्यांदा ख्रिस्ती प्रार्थनेला गेला. दारू सुटली आणि तो तिथंच राहिला. मागोमाग अक्काबाई गेली. त्यानंतर डोंगऱ्या देवाच्या उत्सवात त्यांच्या घरातलं कुणी नाचायला आलं नाही, वाघदेवाला नारळ गेला नाही. पाड्याला हे लागलं. सगळ्यात जास्त लागलं पुंजा महालेला. पुंजा म्हणजे सावळीरामचा मावसभाऊ, एका ताटात जेवून वाढलेला. त्याच्या हातचा प्रसाद सावळीरामने एकदा परत केला. त्या दिवसापासून पुंजा त्याच्याशी बोलला नाही.

तीन वर्षांपूर्वी सावळीराम काविळीने गेला, तेव्हा मसणवटीच्या वाटेवर पुंजा पंधरा माणसं घेऊन उभा होता. तो एवढंच म्हणाला, "देव सोडला त्यांनी मातीपण सोडली." खांद्यावरचं प्रेत घेऊन माणसं तासभर उन्हात उभी राहिली. शेवटी पिकअपमध्ये बर्फाच्या लाद्या टाकून सावळीरामला नव्वद किलोमीटरवर नाशिकला आणून पुरलं. नवऱ्याच्या मातीवर फूल ठेवायचं तर अक्काबाईला जीप आणि एसटी मिळून अख्खा दिवस जातो.

प्रार्थना चालवतो तो हिरामण. कळवणकडचा आहे, मोटारसायकलवर येतो. वैऱ्यावर प्रेम करा, त्याच्यासाठी मागा, असं येशूने सांगितलं ते नुसतं ऐकून घरी जाण्यासाठी नाही, म्हणून त्याने हा नाव घ्यायचा नियम सुरू केला.

"अक्काबाई, तुझी पाळी. नाव घे."

"कुणाचं?"

"तुला माहीत हाय कुणाचं."

"त्याचं नाव घेतलं तर मला चूळ भरावी लागंल."

"भर. बाहेर हंडा हाय."

सहा महिने ती नाही म्हणाली. मग एकदा उभी राहिली आणि म्हणाली, "देवा, पुंजा महालेला अक्कल दे. आमेन."

शेड हसलं. हिरामण हसला नाही. "ही तक्रार झाली. त्याच्यासाठी माग, त्याच्यावर नको मागू."

"त्याला काय लागतं ते मला काय ठाऊक?"

"मग बघ ना. समोरच तर राहतो."

म्हणून अक्काबाई बघायला लागली. तिच्या घरापुढच्या खळ्यातून पुंजाचं घर चाळीस पावलांवर, जरा खाली. सकाळी भांडी घासता घासता ती बघायची. पुंजा उजव्या पायाने लंगडतो. कौलं मागच्या बाजूला सरकली आहेत. नातू दोन वर्षांचा झाला तरी बोलत नाही. सून मोहिनी दोन हंडे एकटीच आणते. रविवारी यातलं एक एक देवाला सांगायचं. पुंजा महालेचा गुडघा बरा कर. त्याचं घर गळू देऊ नको. त्याच्या नातवाला वाचा दे.

राग कमी झाला का, असं मी विचारलं.

"नाय," ती म्हणाली. "राग होता तिथंच होता. मला त्याच्या गुडघ्याची माहिती लय झाली, येवढंच."

गेल्या आषाढात, एका रविवारी सकाळी पुंजाचा तांबडा बैल दावणीला मान खाली घालून उभा दिसला. वैरण समोर तशीच पडलेली, तोंडातून लाळेची तार, गळ्याखाली सूज. अक्काबाईच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. दोन वर्षांपूर्वी तिची गाय अशीच सकाळी उभी होती आणि दिवस मावळायच्या आत गेली होती. जनावरांच्या डॉक्टरने मागाहून नाव सांगितलं होतं, घटसर्प, आणि म्हणाला होता, गळा सुजलेला दिसला की लगेच फोन करायचा, वेळेत सुई मिळाली तर जनावर वाचू शकतं. पुंजाच्या घरी हे कुणाला माहीत नव्हतं. मोहिनी बैलाच्या गळ्याला हळद लावत होती.

चाळीस पावलं होती. अक्काबाईने पातेलं पालथं घातलं, लुगडं बदललं आणि प्रार्थनेला गेली. तिथं उभी राहून म्हणाली, "देवा, पुंजा महालेचा बैल बरा कर."

बैल चार वाजता मेला. ऐन भाताच्या लावणीत, चिखल करायचा राहिलेला असताना.

दोन दिवसांनी छाया नावाची प्रार्थनेतली एक बाई हातपंपावर मोहिनीला भेटली. छायाच्या मनात काही वाईट नव्हतं. तिला धीर द्यायचा होता. ती म्हणाली, "काळजी नको करू गं. आमची अक्का दर रविवारी तुमच्या घराचं नाव घेते. सासऱ्याचा गुडघा, पोराची वाचा, सगळं सांगते. परवा बैलाचंपण सांगितलं."

मोहिनीने हंडा तिथंच सोडला आणि सासऱ्याला सांगायला घरी पळाली.

त्याच आठवड्यात नातवाला ताप भरला. सुरगाण्याच्या दवाखान्यात तीन दिवस ठेवून तो बरा होऊन आला. पण त्याआधी पुंजा भगताकडे जाऊन आला होता. भगताचा पहिला प्रश्न नेहमीचाच होता. तुझं नाव कोण घेतं?

पुढच्या बुधवारी संध्याकाळी पुंजा चार माणसांसह अक्काबाईच्या खळ्यात आला. बसला नाही.

"वयनी, माझं नाव घेतेस?"

"घेते."

"किती दिवस झालं?"

"दीड वरीस."

मागचा एक जण म्हणाला, "बघ. लपवतपण नाय."

"कशाला घेतेस?" पुंजाने विचारलं.

"तुझं बरं व्हावं म्हणून."

पुंजा हसला. "तुझ्या नवऱ्याचं मढं मी वाटेत अडवलं. आणि तू माझं बरं मागतेस. मला काय येडा समजतेस काय?"

"आमच्यात तसं सांगितलंय."

"मग माझ्या बैलाचं नाव घेतलंस तो मेला कसा? पोराचं घेतलंस तो तापला कसा? शिव्या दे ना मला. माझ्या दारात ये, बोंब मार. शिव्या मला समजतात. हे गुपचूप नाव घेणं समजत नाय."

"गुपचूप नाय. तीस माणसांत घेते."

"डाकीणपण माणसांतच राहते," मागचा म्हणाला.

तो शब्द एकदा बोलला गेला, मग परत परत बोलला गेला. पुंजाने निकाल सांगितला. शुक्रवारी सकाळी शाळेच्या ओट्यासमोर सगळ्या पाड्यादेखत तिने शपथ घ्यायची, की पुंजाच्या घराचं वाईट कधी चिंतलं नाही. "माझ्या देवाची नको, तुझ्या येशूची घे. खोटी घेतलीस तर तो बघेल. नाय घेतलीस तर घर सोड. पोराकडं जा नाशिकला."

छायाच्या मुलीने हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. गुरुवारी ललित नाशिकहून बाइकवर आला. आईला जेवायलाही न बसता म्हणाला, "जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, आई. डाकीण म्हणून घर सोडायला लावणं गुन्हा आहे. व्हिडिओ आहे. आत जातो तो."

"आत म्हंजे?"

"जेलमध्ये."

अक्काबाईने मला सांगितलं की ते ऐकून तिला बरं वाटलं. लय बरं वाटलं. दीड वर्ष ज्याच्यासाठी मागत होती तो हातकड्या घालून जीपमध्ये चढताना तिला दिसला, त्याचा लंगडा पाय सुद्धा दिसला.

ललितचं काही चुकत नव्हतं. बैल घटसर्पाने मेला, त्याला पावसाळ्याआधीची लस टोचलेली नव्हती. हे मी डॉक्टरांना विचारून लिहितो आहे. नाव घेतल्याने बैल मरत नाहीत. घरातून हाकलायची धमकी मात्र खरी होती.

हिरामणही आला. त्याला सगळं सोपं वाटत होतं. "शपथ घे आणि मोकळी हो. तू वाईट मागितलंच नाहीस. आम्ही सगळे साक्षीला."

"तोंडानं नाय मागितलं."

"तेवढंच विचारलंय."

"त्यानं चिंतलं का म्हणून विचारलंय."

हिरामणने दाराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "अक्काबाई, येवढं खोलात जाऊ नको. घर जाईल."

शुक्रवारी शाळेच्या ओट्यासमोर शंभरेक माणसं होती. ललित एका बाजूला मोबाईल धरून उभा. पुंजा समोर, काठी टेकून.

"घे शपथ," पुंजा म्हणाला.

"नाय घेत."

माणसं हलली. कुणीतरी मागून म्हणालं, कबूल झाली.

"करणी मला येत नाय," अक्काबाई म्हणाली. "येत असती तर तीन वरसांपूर्वीच केली असती, तू वाटेत उभा होतास तेव्हा. पण वाईट चिंतलं नाय असं म्हणवत नाय. त्या रविवारी तुझ्या बैलाचा गळा मला खळ्यातून दिसला. माझी गाय तशीच गेली. मला ठाऊक होतं काय झालंय. डॉक्टरचा नंबर घरात भिंतीवर लिहिलेला हाय. मी तुला सांगितलं नाय. प्रार्थनेला गेले."

ललितने मोबाईल खाली केला. "आई, गप्प बस," तो हळूच म्हणाला.

पुंजा काठी उचलून दोन पावलं पुढे आला. माणसं आपसूक मागे झाली. "तुला ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं."

"माझी सून हळद लावत होती, ते बघितलंस?"

"बघितलं."

"काय वाटलं तुला?"

"जिवाला गार वाटलं," अक्काबाई म्हणाली. "मग तिथं जाऊन देवाला म्हटलं, त्याचा बैल बरा कर."

पुंजाने काठी जमिनीवर टेकली. मग वळून तो माणसांना म्हणाला, "डाकीण नाय ही. नुसती वैरीण हाय." आणि परत तिच्याकडे बघून, "येवढं तर मीपण केलं असतं. तुझी गाय मेली तेव्हा मीपण माझ्या ओट्यावर बसून होतो."

हसायचं की नाही ते लोकांना कळेना. एक म्हातारा हसला, मग थांबला.

"नाव घेऊ नको माझं," पुंजा म्हणाला. "चांगल्याला नको, वाईटाला नको. आणि माझ्या घराकडं बघू नको. कबूल?"

"कबूल."

"मग राहा तुझी तू."

तिचं घर वाचलं. त्यापलीकडे काही बदललं नाही. आठ दिवसांत पुंजाने दोन घरांच्या मध्ये माणसाच्या उंचीएवढं काटेरी कुंपण घातलं. अक्काबाई वाटेत दिसली तर मोहिनी पोराचं तोंड पदराने झाकते. सावळीरामची माती नाशिकलाच आहे.

ललितने व्हिडिओ अजून पुसलेला नाही. तो म्हणाला, "तू नको म्हणालीस तरी मी तक्रार करू शकतो."

"मसणवटीची कर," अक्काबाईने त्याला सांगितलं. "तुझ्या बापाला अडवलं त्याची कर, मी येते अंगठा द्यायला. बैलाची नको. बैलात मीपण हाय."

"तू त्यालाच सांभाळतेस."

"मी कुणाला सांभाळत नाय."

तो गेला, आणि तेव्हापासून फोनवर कामापुरतं बोलतो. हिरामणही नाराज आहे. त्याच्या मते भरल्या पाड्यात तिने प्रार्थनेची शोभा केली, आणि वैऱ्याच्या सांगण्यावरून त्याच्यासाठी मागणं सोडलं हे तर त्याहून वाईट. "त्याला प्रेम नको असलं तरी आपण करायचं असतं," तो म्हणाला. रविवारी तिची पाळी आली की ती उभी राहते, कुणाचंच नाव घेत नाही, थोडा वेळ थांबते आणि बसते. हिरामण घड्याळ बघतो.

मला ती शेवटची भेटली ती नागलीच्या शेतात, कमरेत वाकून निंदणी करताना. तिचा एक प्रश्न हिरामणला विचारून झाला होता, त्याने पुढच्या रविवारी सांगतो म्हटलं होतं, आणि तसे चार रविवार गेले होते. मी नाशिकचा शिकलेला, म्हणून तिने मलाही विचारलं. हातातलं गवत बांधावर टाकत ती म्हणाली, "समज, त्या सकाळी मी प्रार्थनेला गेलेच नसते. तोंडानं शिव्या देत, पोटात राग तसाच ठेवून त्याच्या दारात गेले असते, आणि म्हणाले असते, मेल्या, डॉक्टरला फोन कर, बैल मरतोय तुझा. तर येशूनं त्याला प्रेम म्हटलं असतं का?"