नवमीला बसलेली हत्यारं

गाडीचं बॉनेट उघडलं की गजाभाऊ आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायचे. गाडीला एक फेरी घालायचे, मग फळीवर धुतलेलं गोणपाट पसरून त्यावर लागणारी हत्यारं ओळीनं मांडायचे आणि त्यांच्याकडे नुसते बघत उभे राहायचे. तोवर गिऱ्हाईक घड्याळ बघायला लागलेलं असायचं. एक जरी हत्यार कमी पडलं तरी गोणपाट गुंडाळलं जायचं आणि बॉनेट बंद व्हायचं. "आधी हत्यार, मंग हात," एवढंच म्हणायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आलं होतं.

बोईसरला पालघरच्या रस्त्यावर आमचं स्पेअर पार्टचं दुकान आणि त्यांचं गॅरेज एकाच पत्र्याखाली होतं. मधे प्लायवूडची भिंत. दुकान सासऱ्यांचं. ते गेल्यावर यजमान वीजकेंद्रातल्या पाळ्या करत राहिले आणि काउंटर माझ्या गळ्यात पडला. बाईमाणूस पार्ट विकतंय म्हटल्यावर ड्रायव्हर लोक बुजायचे. गजाभाऊ भिंतीपलीकडून ओरडायचे, "वैनींना इचारा रे. त्या देतील तोच पार्ट." अशी जाहिरात मला दुसरीकडे मिळाली नसती.

ते मूळचे शिरगावचे, मासेमारी करणाऱ्या घरातले. कैक वर्षं बोटीच्या इंजिनापाशी बसलेले. मग एकाएकी दर्या सोडून बोईसरला आले. का, ते कुणालाच नीट माहीत नव्हतं. कुणी म्हणे, भर समुद्रात भलत्याच पान्यानं इंजिन उघडलं आणि भावाचा हात गेला. कुणी म्हणे, भाऊच गेला. मी एकदा सरळ विचारलं. "तसा काय नाय, वैनी," ते म्हणाले, "दर्याला माजा कंटाला आला." दर्याला माणसाचा कंटाळा येतो हे मी तेव्हाच ऐकलं. पुन्हा विचारलं नाही.

जुन्या गाड्यांच्या इंजिनात साखळी असायची. नव्वद साल जवळ आलं तशा आमच्याकडे दातेरी रबरी पट्ट्याच्या गाड्या यायला लागल्या. इंजिनातला खालचा दांडा आणि वरचा दांडा यांची चाल हा टायमिंगचा पट्टा जुळवून ठेवतो. चाल चुकली की वरचे व्हॉल्व खालच्या पिस्टनवर आपटतात आणि चालती गाडी जागेवर मरते. आमच्या रस्त्यावरचे बाकीचे मेकॅनिक खडूची खूण करून, स्क्रू ड्रायव्हर अडकवून हा पट्टा बदलायचे. गजाभाऊ मात्र मुंबईला जाऊन त्यासाठी तीन हत्यारं घेऊन आले. खालची पुली ओढून काढायला पुलर, वरचा दांडा जागच्या जागी धरायला पिन, आणि पट्ट्याचा ताण बसवायला चावी. पिन निवडताना तर त्यांनी दुकानदाराचा अंत पाहिला असणार. "भोकात हलते ती पिन नाय," मला दाखवत ते म्हणाले, "तो खिला."

एकदा एका कारखान्याचे मॅनेजर वेगळ्याच इंजिनाची गाडी घेऊन आले. गजाभाऊंची पिन तिला बसेना. झालं, गोणपाट गुंडाळलं. साहेब तापले, म्हणाले, एवढ्याशा पिनेसाठी मला परत पाठवता? गजाभाऊ शांतपणे म्हणाले, "दुसऱ्याची चप्पल घालून बाजारात जाता येतं, सायेब. डोंगर नाय चढता येत." साहेब पुढच्या गॅरेजात गेले. तिथे स्क्रू ड्रायव्हरवर काम झालं आणि गाडी नंतर कैक दिवस ठणठणीत चालली, हेही सांगायला हवं. मी चिडवायला म्हणून ते गजाभाऊंच्या कानावर घातलं. "चालल," ते म्हणाले. "एक दिस नाय चालनार."

मंजुळा ही त्यांची धाकटी बहीण. आईमागे त्यांनीच तिला वाढवलेली, सातपाटीला दिलेली. तिचा नवरा हरेश बोटीवर रमेना, म्हणून त्यानं कुणीतरी वापरून विकलेली, पट्ट्याची डिझेल गाडी घेऊन भाड्यानं फिरवायला सुरुवात केली होती. सगळ्या बोईसरला तोंडावर नाही म्हणणारा हा माणूस बहिणीपुढे मात्र मेणाहून मऊ व्हायचा. ती आली की माझ्या दुकानातून खुर्ची जायची.

त्या साली खंडेनवमीला दुपारीच मंजुळा आणि हरेश गाडी घेऊन आले. कारखान्यांत यंत्रांची पूजा होऊन सगळं बंद पडलं होतं. धुराचा वासही नव्हता, आणि तो वास नसला की बोईसरमध्ये काहीतरी बिघडलंय असं वाटायचं. गजाभाऊंची हत्यारं सकाळीच बसली होती. धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून फळीवर मांडलेली, वर झेंडूची फुलं. ती तीन हत्यारं मधोमध, मानाच्या जागी. नवमीला बसलेलं हत्यार दसऱ्याची उत्तरपूजा होईपर्यंत हलवायचं नाही, हा त्यांच्या घरचा नेम होता.

हरेशच्या गाडीचा पट्टा कडेनं उसवला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे जव्हारच्या दसऱ्याला जाणारी माणसं ठरलेली.

"परवा ये," गजाभाऊ म्हणाले.

"दादा, गाडीचा पयला दसरा हाय," मंजुळा म्हणाली. "उंद्या उभी रायली तं वरीसभर उभीच रायल."

गजाभाऊ फळीकडे बघत राहिले. मला राहवेना. मी म्हटलं, "गजाभाऊ, देवीला हात जोडा आणि उचला ती पिन. तिला कळतं सगळं."

"तुमाला कलतं, वैनी. तिला कलतं की नाय, मना ठाव नाय."

"मग नाही म्हणा."

त्यांनी मंजुळाकडे पाहिलं. नंतर ते मागच्या खोलीत गेले आणि बोटीच्या फळ्यांना मारतात तसला एक जाड, लांब खिळा घेऊन आले. समोरच्या सायकलवाल्याकडून पकड मागवली. माझ्याकडून नवा पट्टा घेतला. गोणपाट पसरलं नाही. हात पाठीमागे गेले नाहीत. त्यांच्या कामात मी दुसऱ्यांदा तोंड घालायला धजले नाही. पिनेच्या जागी खिळा, चावीच्या जागी पकड, आणि शेजारी फुलांखाली बसलेली ती हत्यारं.

गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. मंजुळानं बॉनेटवर झेंडूची माळ चढवली. गजाभाऊ इंजिनाला कान देऊन उभेच.

"काय ऐकतोस, दादा?"

"काय नाय. बरोबर बोलतंय." मग हरेशला म्हणाले, "घाटात नको जाव. इकडंच पालघर, केलवा कर."

"पयला दसरा केलव्यापर्यंत कं?" हरेश हसला आणि गाडी घेऊन गेला.

दसऱ्याला संध्याकाळी मी आपट्याची पानं घेऊन गजाभाऊंना सोनं द्यायला निघाले होते. भिंतीला वळसा घालते तोच सातपाटीचा एक माणूस धापा टाकत गॅरेजात शिरला. हरेशनं माणसं जव्हारला सोडली होती आणि तो एकटाच परत येत होता. घाटाच्या उतारावर गाडी आवरली नाही आणि वळणावरून खाली गेली. हरेश जागच्या जागी गेला. पानं माझ्या हातात तशीच राहिली.

सगळे म्हणाले, ब्रेक गेले. ते तसंच राहू देता आलं असतं. पण गजाभाऊ घाटात गेले, चेपलेल्या गाडीचं झाकण काढून पट्टा सोडवला आणि तो माझ्या काउंटरवर आणून ठेवला. ताण सैल पडून एका बाजूचे दाते सोलून निघाले होते. उतारावर इंजिन मेलं होतं, आणि इंजिन मेलं की ब्रेकही दगडासारखा घट्ट होतो.

"वैनी, पट्टा चांगला व्हता," ते म्हणाले. "तुमचा दोस नाय."

हे सांगायला तो माणूस घाटातून तडक माझ्याकडे आला होता. मला रडू आवरलं नाही.

तेराव्याला मी सातपाटीला गेले. गजाभाऊ ओटीवर खाली मान घालून बसले होते. मंजुळा बाहेर आली, त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि रागावली नसल्यासारखी म्हणाली, "दादा, सगल्या दुनियेला नाय म्हनालास. मना पन म्हनायचं नं." त्यांनी तांब्याला हात लावला नाही.

गॅरेज त्यांनी बंद केलं. बाकीची हत्यारं विकली. ही तीन कापडात गुंडाळून मला दिली आणि शिरगावला निघून गेले. तिथे लोकांची जाळी विणून देत. इंजिनाला पुन्हा हात लावला नाही. काही वर्षांनी तिथेच वारले. मंजुळानं शेवटपर्यंत त्यांना सांभाळलं, असं ऐकलं.

दुकान अजून मीच चालवते. खंडेनवमीला काउंटरला, तिजोरीला, शटरच्या कुलपालासुद्धा हळदकुंकू वाहते. ती तीन हत्यारं पुसून, तेल लावून काउंटरवर नुसती ठेवते. शेजारणी दर साली विचारतात, यांना फूल नाही का वाहायचं? मी नाही म्हणते. कुणी मागायला आलंच, तर हातात देता आली पाहिजेत.