झाकण हुंगणारा

दुष्काळाच्या साली पारनेरजवळच्या दूध शीतकरण केंद्रावर मी दूध उत्पादक संघटनेची पत्रकं वाटायला जायचो. तिथल्या यंत्रवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. रोज त्याचं एकच चालायचं. दूध थंड करणाऱ्या कॉम्प्रेसरला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायची, आतला आवाज ऐकायचा, मग बाहेर येऊन दूध घालायला आलेल्या बायकांच्या कॅनचं झाकण हुंगायचं. कानाला जे कळलं ते तो नाकाच्या नावावर खपवायचा!

यंत्रातली फिरती पाती झिजली होती. "सैल सोडली तर ग्यास मागं पळतो, घट्ट बसवली तर घासून मोटार तापती," तो मला म्हणाला. साहेब नवी पाती मागवत नव्हते. दुधाची टाकी थंड झाली नाही, की दारात आलेलं ताजं दूध आंबट ठरायचं.

एकदा एक बाई भडकली. झाडपाला घालून तिनं एकुलती म्हैस जगवली होती. झाकणात दूध ओतून तिनं त्याच्यापुढं धरलं. "आंबलंय न्हवं? पी की मग, दादा!"

तो गटागटा प्यायला. मिशा पुसून म्हणाला, "ग्वाड हाय, आक्का. पन कॅन माघारी न्या."

"अहो, मग यंत्र बिघडलंय असं वर कळवा ना!" मी ओरडलो.

"यंत्राला दोष दिला तर केंद्र बंद हुईल. बाईला दिला तर बाई उद्या पन येनारच."

त्याचा हा अंदाज खरा ठरला, याची चीड मला आजही येते. दुसऱ्या दिवशी ती आली. कॅन राखेनं घासून लखलखीत केला होता.